वाचकांचे प्रश्न : तत्त्वज्ञानाच्या निबंधाला विषय कोणता घ्यावा?

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या वाचकांनी यंदा एकाच गोष्टीबद्दल विचारलं आहे. हायस्कूल आणि पीयूसीच्या (अकरावी-बारावीच्या) मुलांसाठी असलेल्या तत्त्वज्ञान निबंधस्पर्धेत उतरायचं आहे, पण विषय ठरत नाही. शब्दमर्यादा प्रत्येक स्पर्धेत वेगळी असते. खालच्या उत्तरांत १२०० शब्द धरून हिशेब मांडला आहे.

मी ‘जीवनाचा अर्थ काय?’ हा विषय घेतला आहे. सर म्हणतात, फार मोठा आहे. पण मोठ्या विषयाला जास्त गुण मिळत नाहीत का?
– नववीतली विद्यार्थिनी, वडगाव, बेळगाव

सरांचं बरोबर आहे. मोठ्या विषयाला जादा गुण नसतात, उलट गुण मिळवायला लागणारी जागाच त्यात उरत नाही. १२०० शब्द म्हणजे हाताने लिहिलेली पाच-सहा पानं. त्यातले दीडशे शब्द प्रश्न मांडण्यात जातात, जवळजवळ तेवढेच मुख्य शब्दांचा अर्थ ठरवण्यात. तुझा स्वतःचा युक्तिवाद चारशे, त्यावरचा सर्वांत अवघड आक्षेप अडीचशे, त्या आक्षेपाला उत्तर दोनशे. शेवटाला पन्नास उरतात आणि तेवढे पुरतात.

आता ‘जीवनाचा अर्थ’ या मापात बसवून बघ. अर्थ म्हणजे हेतू, की मोल, की समाधान, एवढं ठरवण्यातच निम्मी पानं संपतात. मग घाईघाईने एक परिच्छेद सुखावर, एक सेवेवर, एक मृत्यूवर येतो आणि शेवटी ‘प्रत्येकाच्या जीवनाचा अर्थ वेगळा असतो’ हे वाक्य. तिथे निबंध बसतो. प्रत्येकाचं वेगळंच असेल तर वाद घालायला काही राहिलंच नाही.

म्हणून विषय टाकून देऊ नकोस, तो कापत जा. पहिला काप : माणसाच्या आयुष्याचं मोल त्याने मागे काय ठेवलं यावर ठरतं का? हाही अजून रुंदच आहे. दुसरा काप : मागे ठेवलेलं काम टिकलं, पण करणाऱ्याचं नाव टिकलं नाही, तर? वडगाव-शहापुरात मागावर साडी विणणाऱ्याचं नाव साडीवर कुठे असतं? तिसरा काप : ज्याची कुणालाच आठवण राहणार नाही असं काम मन लावून करण्यात काही अर्थ आहे का? इथे थांब. याला ‘हो’ किंवा ‘नाही’ असं उत्तर देता येतं, दोन्ही बाजूंना शहाणी माणसं सापडतात आणि पहिल्या पानापासून तुला बाजू घ्यावी लागते.

आमच्याकडे तंबाखूची शेती आहे. ‘तंबाखूवर बंदी असावी का?’ असा विषय घ्यावा असं वाटतं. पण मैत्रीण म्हणते, हा सामाजिक निबंध झाला, तत्त्वज्ञानाचा नाही.
– दहावीतली विद्यार्थिनी, निपाणी

मैत्रीण बरोबर बोलली, तरी तंबाखू सोडू नकोस. तुझ्या हाताशी आहे त्यापेक्षा चांगला विषय आम्हाला सुचला नसता. त्यातून प्रश्न नेमका कोणता काढायचा, एवढंच ठरवायचं आहे.

एक चाचणी करून बघ. समज, सगळे आकडे तुझ्यासमोर आहेत : तंबाखूने किती माणसं आजारी पडतात, निपाणीच्या रानात दुसऱ्या कुठल्या पिकाला किती भाव मिळेल, बंदी आली तर किती हातांचं काम जाईल. हे सगळं कळल्यावरही ज्यावर भांडण उरतं, तो तत्त्वज्ञानाचा प्रश्न. आकड्यांनी जे मिटतं ते अर्थशास्त्राच्या किंवा आरोग्याच्या वहीत जाऊ दे. बंदी असावी की नसावी, यात आकड्यांचा वाटा मोठा आहे, म्हणून तो निबंध वर्तमानपत्रातल्या लेखासारखा होतो.

चाळणीत तीन खडे उरतात. सज्ञान माणसाने समजून-उमजून ओढलेल्या विडीचं नुकसान पिकवणाऱ्याच्या खात्यावर मांडायचं का? कर्ज डोक्यावर आणि दुसरं पीक परवडत नाही अशा वेळी केलेली निवड ही खरी निवड असते का? आणि तिसरा प्रश्न, जो तंबाखूच्या गावात घरोघरी ऐकू येतो : ‘आम्ही नाही पिकवला तर दुसरा कोणीतरी पिकवेलच’, या म्हणण्याने आपली जबाबदारी कमी होते का?

तिन्ही एका निबंधात घेतलेस तर तिन्ही अर्धवट राहतील. आमचं मत तिसऱ्याच्या बाजूचं. पहिल्या दोन्हींत वाचकाला उत्तर आधीच कळल्यासारखं वाटतं. तिसऱ्यात युक्तिवाद कुठेतरी चुकतोय असं वाटत राहतं, पण कुठे ते पटकन सांगता येत नाही. निबंधाला अशीच जागा लागते.

आधी तो युक्तिवाद सुटा करून लिही. एक : मी थांबलो तरी बाजारातला तंबाखू कमी होत नाही, व्यापारी दुसऱ्याकडून घेतो. दोन : ज्या कृतीने नुकसान वाढतही नाही आणि कमीही होत नाही, तिला नुकसानीचं कारण म्हणता येत नाही. तीन : म्हणून माझं पिकवणं चुकीचं नाही. यातलं पहिलं विधान वस्तुस्थितीचं आहे. ते खरं धरून चाल, ते खोडण्यात शब्द घालवू नकोस. बरीच मुलं तिथेच अडकतात आणि ‘सगळ्यांनी मिळून थांबवलं तर?’ असा भलताच प्रश्न सोडवत बसतात. एकट्याने थांबून काय उपयोग, असं विचारणाऱ्याला ते उत्तरच नव्हे.

घाव घालायचा तो दुसऱ्या विधानावर. पाच जणांनी मिळून एकाला बेदम मारलं. पाचांपैकी कुणीही एक बाजूला झाला असता तरी मार तेवढाच बसला असता. दुसरं विधान मानलं तर पाचही जण निर्दोष ठरतात आणि मार खाल्लेला माणूस मात्र समोर पडलेला आहे. म्हणजे विधानात खोट आहे.

इथे मुलं पेन खाली ठेवतात, आणि निबंध खरा इथून सुरू होतो. आता समोरच्याची बाजू घे. आपल्या जुन्या वादपद्धतीत पूर्वपक्ष मांडल्याशिवाय सिद्धान्ताला किंमत नसे, तीच शिस्त इथे लागते. शेतकरी म्हणेल : ते पाच जण ठरवून मारत होते, मी कुणाशी काही ठरवलेलं नाही. शिवाय माझ्या आणि विडी ओढणाऱ्याच्या मध्ये व्यापारी आहे, कारखाना आहे, आणि शेवटी स्वतःच्या हाताने काडी ओढणारा सज्ञान माणूस आहे. हा आक्षेप कमकुवत नाही. त्याला उत्तर देताना तुला ‘नुकसान करणं’ आणि ‘नुकसानीचं साधन पुरवणं’ यांतला फरक करावा लागेल, आणि तो फरक किती दूर टिकतो हे तपासावं लागेल. इंग्रज तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिल याने १८५९ मध्ये मांडलं की दुसऱ्याला इजा होत नसेल तर सज्ञान माणसाच्या वागण्यात समाजाने हात घालू नये. हे इथे एका वाक्यात आणता येईल. मग लगेच विचार : वखारीत तंबाखूची धूळ नाकातोंडात घेत काम करणाऱ्या बाईचं काय? तिने विडी ओढायचं ठरवलेलं नाही. तिची संमती आणि ओढणाऱ्याची संमती एकाच तागडीत घालायची का?

काही गोष्टी टाळ. १९८१ सालचं निपाणीचं तंबाखू उत्पादकांचं आंदोलन लिहायचा मोह होईल. इतिहास म्हणून ते मोठं आहे, पण ते भावासाठी होतं. पिकवणं योग्य की अयोग्य या वादाला त्याने काहीच मिळत नाही, म्हणून फार तर एक वाक्य. घरची परिस्थिती सहानुभूतीसाठी सांगू नकोस. परीक्षकाला तुझं घर माहीत नाही आणि माहीत असायची गरजही नाही. दुसरा प्रश्न निवडलास तर मात्र कर्जाचा तपशील युक्तिवादाचा भाग होतो, तेव्हा तो जरूर दे.

घरच्यांविरुद्ध लिहिल्यासारखं वाटेल का, अशी भीती असेल तर एक काम कर. तुझ्या मताच्या उलट बाजू अर्ध्या पानात लिही आणि ती बाजू खरोखर मानणाऱ्या काकांना किंवा शेजाऱ्यांना वाचून दाखव. ‘मला हेच म्हणायचं होतं, पण इतकं नीट सांगता येत नव्हतं’ असं ते म्हणाले, तर विषय तुझा. ‘असं कुठे आम्ही म्हणतो?’ असं म्हणाले, तर अजून ऐकायचं बाकी आहे.

सीमाप्रश्नावर लिहायची इच्छा आहे. कॉलेजातले शिक्षक ‘नको’ म्हणतात. का नको?
– पीयूसी प्रथम वर्षाचा विद्यार्थी, खानापूर

शिक्षकांची कारणं त्यांची त्यांना ठाऊक. आमचं कारण साधं आहे : १ नोव्हेंबर १९५६ ची राज्य पुनर्रचना, १९६७ चा महाजन आयोगाचा अहवाल, २००४ चा सर्वोच्च न्यायालयातला दावा, एवढं सांगेपर्यंत सहाशे शब्द जातात. आणि तू सीमाभागातला मराठी मुलगा म्हटल्यावर शेवट काय असणार, हे परीक्षकाने पहिल्या ओळीतच ओळखलेलं असतं.

पण या प्रश्नाच्या पोटात एक अस्सल तात्त्विक गाठ आहे. लोकांनी ठरवावं, हे सगळे मान्य करतात. पण ‘लोक’ कोण हे कुणी ठरवायचं? मतदान घ्यायचं तर आधी मतदार ठरवावे लागतात, आणि मतदार मतदानाने ठरवता येत नाहीत. राज्याने ठरवायचं की जिल्ह्याने? जिल्ह्याने ठरवलं तर तालुका वेगळं म्हणेल, तालुक्यात गाव, गावात गल्ली. कुठे थांबायचं, आणि का तिथेच? हा विषय घे. एक काल्पनिक गाव उभं कर, बेळगावचं नाव फार तर एकदा येऊ दे.

आणि तुला सापडलेला नियम महाराष्ट्रातल्या जत-अक्कलकोटच्या कानडी गावांना लावून बघ. तिथे तो तुला नकोसा वाटला, तर तो नियम नाही, नुसती आपली बाजू आहे. एवढी तपासणी निबंधात उघडपणे केलीस तर वाचणारा कुठल्याही भाषेचा असो, तुझं म्हणणं पुढे ऐकेल.

‘वटवाघळं महत्त्वाची की माणसं?’ हा विषय चालेल का? आमच्या तालुक्यात भीमगड अभयारण्य आहे.
– आठवीचा विद्यार्थी, खानापूर तालुका

चालेल, पण असा विचारलास तर ‘दोन्ही महत्त्वाचे’ या उत्तराने निबंध संपेल. तुमच्याकडच्या बारापेडे गुहेतली वटवाघळं जगात फार थोड्या ठिकाणी सापडतात, म्हणून त्यांची एवढी काळजी. त्यातून प्रश्न काढ : एकेका वटवाघळाला दुखतं, भूक लागते. त्यांच्या जातीला काही दुखत नाही. मग ती जात नाहीशी झाली तर नुकसान नेमकं कुणाचं? ‘निसर्गाचं’ म्हणून मोकळा होऊ नकोस, निसर्गाचं नुकसान म्हणजे काय ते सांग. अभयारण्य २०११ मध्ये जाहीर झालं, आतल्या गावांच्या पुनर्वसनाचा वाद आहे, हे दोन ओळींत पुरे.

मुलींनी दोन विषय आणले आहेत : ‘चोखामेळा आणि समता’ व ‘बसवण्णा आणि तुकाराम : तौलनिक अभ्यास’. तत्त्वज्ञानाच्या स्पर्धेत संतांवरचे विषय चालतात का?
– मराठी शिक्षिका, बेळगाव

बाई, संत चालतात, गौरव चालत नाही. दुसरा विषय सोडायला सांगा. दोन थोर माणसं शेजारी ठेवली की साम्य, भेद आणि ‘दोघेही थोर’ या तीन खोल्यांत निबंध फिरत राहतो. ज्या मुलीला कन्नड वाचता येतं तिने बसवण्णांचं एकच वचन घ्यावं. श्रीमंत देवळं बांधतील, मी गरीब, माझे पायच खांब आणि देहच देऊळ, स्थावराला नाश आहे, जंगमाला नाही, या आशयाचं वचन तिला भेटलेलं असेल. त्यातला शेवटचा दावा खरा कसा मानायचा, देह तर देवळाआधी पडतो, एवढ्या एका प्रश्नावर निबंध उभा राहतो.

पहिल्या विषयात ‘समता’ हा शब्द मुलीला स्तुतीकडे ओढून नेईल. त्याऐवजी एक ओळ हातात द्या : ‘ऊस डोंगा परी रस नोहे डोंगा’. ही ओळ युक्तिवाद म्हणून वाचायला सांगा. बाहेरच्या आकारावरून आतलं ठरत नाही, हा दावा आणि ऊस हा दृष्टान्त. दृष्टान्ताच्या युक्तिवादाला नेहमी दोन बाजूंनी हात घालता येतो. एक, साम्य पुरेसं आहे का? उसाचा रस गाळून चाखता येतो, माणसातला भाव कुणी चाखायचा? दोन, दृष्टान्त देताना आपण काय देऊन बसतो? ऊस बाहेरून वाकडा आहे हे इथे मान्य केलं आहे. मग देवळाच्या दारात अडवणाऱ्याने देहावर ठेवलेला आरोप तसाच राहिला का? की ‘डोंगा’ हा समोरच्याचाच शब्द घटकाभर मान्य करून त्याच्यावर उलटवला आहे? दोन्ही वाचनांना आधार देता येतो, आणि मुलीला त्यातलं एक निवडून दुसऱ्याला उत्तर द्यावं लागेल.

यातून विषय निघतो : माणसामाणसांची बरोबरी त्यांच्या अंगच्या एखाद्या गुणावर उभी करावी का? भावावर उभी केली तर ज्याच्याकडे भाव नाही त्याला दाराबाहेर ठेवायचं का? हा आक्षेप आठवीच्या मुलीलाही सुचू शकतो. बहुतेक वेळा तो सुचतो, पण संतांवर आक्षेप कसा घ्यायचा म्हणून खोडला जातो. तुम्ही वर्गात एवढंच सांगा की युक्तिवाद तपासणं म्हणजे माणसाचा अवमान नव्हे. बाकी त्या करतील.

मुलगी मराठी माध्यमात आहे. इंग्रजीत लिहावं का? आणि किती तत्त्वज्ञांची नावं आली पाहिजेत? जागेवर विषय देणाऱ्या स्पर्धेत कसं निवडायचं?
– एक पालक, टिळकवाडी, बेळगाव

स्पर्धा मराठी घेत असेल तर मराठीतच. विषय निवडतानाच बघा : ज्या भाषेत तिला आक्षेप सुचतात ती भाषा. पाठ केलेल्या इंग्रजी वाक्यांत मत मांडता येतं, पण उलट उत्तर देता येत नाही, आणि ते उत्तरच महत्त्वाचं असतं. १९९३ मध्ये बल्गेरियात सुरू झालेल्या आंतरराष्ट्रीय तत्त्वज्ञान ऑलिंपियाडचा नियम मात्र वेगळा आहे. तिथे इंग्रजी, फ्रेंच, जर्मन किंवा स्पॅनिश यांपैकी मातृभाषा नसलेल्या भाषेत लिहावं लागतं. तो टप्पा डोळ्यासमोर असेल तर इंग्रजीचा सराव वेगळा करावा.

नावांचं म्हणाल तर १२०० शब्दांत एक, फार तर दोन. प्लेटोच्या संवादातली अदृश्य करणारी अंगठी मुलांना आवडते : पकडलं जाण्याची भीतीच नसेल तर माणूस न्यायाने वागेल का? ती वापरायची तर तिच्याकडून काम करून घ्यावं, शोभेला ठेवू नये. सहा नावं आली की परीक्षकाला समजतं, मुलाने सहा ठिकाणांहून उतरवलं आहे.

जागेवरच्या स्पर्धेसाठी ऑलिंपियाडचा नमुना उपयोगी आहे : चार अवतरणं, त्यातलं एक निवडायचं, चार तास. पहिली वीस-पंचवीस मिनिटं फक्त निवडीला द्या. प्रत्येक अवतरणाखाली एका ओळीत त्याचा दावा आणि एका ओळीत त्यावरचा आक्षेप लिहायचा. ज्याचा दावा एका ओळीत लिहिता येत नाही ते बाद. ज्याला आक्षेपच सुचत नाही तेही बाद, ते कितीही पटत असलं तरी. उरलेल्यांत जिथे आक्षेपाला उत्तर देताना थोडं अडखळायला होतं, ते घ्यायचं. मुलं चुकतात ती अवतरणाखालचं नाव बघून निवडण्यात. ओळखीचं नाव दिसलं की त्या तत्त्वज्ञाबद्दल आठवेल ते सगळं लिहून येतात आणि अवतरण बाजूलाच राहतं. ऑलिंपियाडमध्ये मूल्यमापन पाच गोष्टींवर होतं : विषयाला धरून असणं, विषयाची तात्त्विक समज, युक्तिवादाची ताकद, सुसंगती आणि स्वतंत्र विचार. माहितीसाठी वेगळा रकाना नाही.

विषय घेऊन आठवडा झाला आणि आता तो चुकला असं वाटतंय. बदलू का?
– दहावीचा विद्यार्थी, निपाणी

का वाटतंय यावर आहे. आक्षेपाला उत्तर सापडत नाही म्हणून वाटत असेल तर बदलू नकोस. उत्तर अर्धंच सापडलं तर ‘माझं म्हणणं एवढ्यापुरतंच टिकतं’ असं लिही, त्याने गुण जात नाहीत. आठवडाभर शोधूनही आक्षेपच सापडला नसेल तर बदल, कारण मग तू अशी गोष्ट सिद्ध करत बसला आहेस जी कुणी नाकारतच नाही. ‘प्रामाणिकपणा चांगला असतो’ या जातीचे विषय असे असतात. त्यातही कधी कधी मार्ग निघतो : खरं बोलल्याने तिसऱ्याच माणसाचं नुकसान होणार असेल तर, असा तुकडा कापून घेता येतो.

मोबाइलवरच्या एआयला विषय विचारलास तर तो तोच विषय आणखी पुष्कळ मुलांना देतो, हे ध्यानात ठेव. शिवाय काही स्पर्धांत त्याला मनाईच असते, नियमपत्रक आधी वाच.

शेवटच्या तारखेला चारच दिवस उरले असतील तर नवा विषय घेऊ नकोस. आहे त्यालाच आणखी एक काप दे, शीर्षक प्रश्नाच्या रूपात पुन्हा लिही आणि त्या प्रश्नाला ज्याचा उपयोग नाही असा प्रत्येक परिच्छेद काढून टाक. सातशे शब्द उरले तरी चालतील, किमान शब्दसंख्येची अट नसेल तर तसाच पाठव.